बबनची तिरपी भोकं

"सुरुंग हाऽऽय! पळाऽऽ! सुरुंग हाय रेऽऽ!"

तू खाणीच्या कडेला उभा राहून बोंबलत होतास. हातात तो विटका लाल फडका होता. माझी शेरडं-मेंढरं शेपट्या वर करून घोटावड्याच्या दिशेनं अशी सुटली होती, की पुढचा ओढा त्यांनी पाण्याला पाय न लावता ओलांडला. खाण बंद होऊन वर्षं लोटली होती. दारूचं सोड, तिथं कुणी लवंगी फटाकासुद्धा फोडला नव्हता. पण तुझ्या आरोळीला माझी जनावरं पळायची. ज्या म्हाताऱ्या शेळ्यांनी खरे सुरुंग ऐकले होते त्यांचं मी समजू शकतो. पण खाण बंद झाल्यावर जन्मलेली करडंही पळायची, आईच्या पोटातूनच शिकून आल्यासारखी.

"म्हाद्या! तुझ्या शेरडांनी माझा आवळा खाल्ला!"

"तुझा? तुझ्या बापानं लावला व्हता का?"

"पाणी मी घातलंय!"

"आन् खत कुणी घातलंय?"

मग तू दगड उचलायचास, मी काठी उचलायचो, आणि शेवटी दोघं त्याच आवळ्याच्या सावलीला बसून तंबाखू मळायचो. आवळ्याची सावली ती केवढी. एकाचं डोकं मावायचं, दुसऱ्याचं उन्हात. त्यावरूनही भांडण.

मी गावात सांगायचो, की बबनच्या आरोळीनं कासारसाईच्या धरणात लाटा उठतात. एका शेळीला जुळी व्हायची होती, ती आरोळी ऐकून तिळी झाली. लोक हसायचे. तू हसायचा नाहीस. तू तंबाखूची पिचकारी टाकून एकच शब्द म्हणायचास, "थापाड्या." मला तोच हवा असायचा. थाप मारणाऱ्याला ऐकणारे पुष्कळ मिळतात रे. समोर बसून डोळ्यांत बघून 'थापाड्या' म्हणणारा एखादाच असतो, आणि तो गेला की थापेला चव राहत नाही.

गेल्या आठवड्यात शेरडं थेट रोपांत घुसली. मी कडेला बसून राहिलो. म्हटलं, बघू. चंदी शेळीनं करंजाचा कोवळा शेंडा खाल्ला, मग दुसरा. ऊन चढलं. कुणीच ओरडलं नाही. शेवटी मीच उठलो, पंचा फिरवला आणि पोटातून आरोळी मारली, "सुरुंग हाऽऽय!" शेरडांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. माझ्यावर जनावरंसुद्धा विश्वास ठेवत नाहीत, बबन्या.

तू गेल्यापासून मला बोलायला माणूस नाही. तसं गाव भरलेलं आहे. हिंजवडीची गर्दी आता आपल्या बांधापर्यंत आली आहे. पण त्या खाणीत काय होतं आणि काय झालं हे माझ्याबरोबर बघितलेला माणूस तू एकटा होतास.

आठवतं का ती जागा? भरे गावच्या वरच्या अंगाला टेकडीला पडलेलं ते खिंडार. क्रशर चालू असताना आमच्या मेंढरांची लोकर पांढऱ्याची करडी व्हायची. मी सांगायचो, की लोकर कातरली की आतून खडी निघते. त्या दिवसांत तिथं पाखरू म्हणून नव्हतं. कावळासुद्धा वरून जाताना वळसा घालून जायचा. हे मात्र खरं, तूही मान्य केलं होतंस. तू सुरुंगवाला. भोक पाडायचं, दारू ठासायची, वात लावायची, आरोळी मारायची आणि मग आडोशाला बसून बोटांवर आवाज मोजायचे. जितके भरले तितके वाजले पाहिजेत. एखादा वाजला नाही तर कुणालाही खाणीत सोडायचा नाहीस. आधी एकटा उतरायचास आणि न उडालेला शोधून निकालात काढायचास. मुकादम शिव्या घालायचा, ट्रक खोळंबायचे. तू हलायचा नाहीस.

"बबनचा सुरुंग मागं राहात न्हाई," एवढंच तू स्वतःबद्दल बोलायचास. बाकी फुशारकी सगळी माझ्याकडं होती.

मग खाण बंद पडली. हिंजवडीच्या कुठल्यातरी कंपनीची पोरंपोरी एकसारखे टी-शर्ट घालून आली, रोपं लावली, फोटो काढले आणि गेली. तुला राखणदार म्हणून ठेवलं. दुसऱ्या उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळली, कारण खाली माती कुठं होती? नुसता मुरूम आणि दगडाची भुकटी. तेव्हा तू माझ्याकडं आलास. मान खाली, पायानं माती उकरत. "म्हाद्या, मेंढरं बसिवतोस का खाणीत?"

शेतात आम्ही मेंढरं बसवतो ते सगळ्यांना माहीत आहे. पीक निघालं की शेतकरी बोलावतो, कळप चार रात्री वावरात मुक्कामाला बसतो, लेंडी-मुतानं रान पोसतं. पण दगडाच्या खाणीत मेंढरं बसवणारा तू पहिलाच. सगळे धनगर मला हसले. मी दोन उन्हाळे बसवली. तिथल्या लेंड्यांत बोरीच्या बिया होत्या, बाभळीच्या होत्या. पावसानंतर कंपनीच्या रोपांशेजारी न लावलेलीच झाडं उगवली आणि लावलेल्यांपेक्षा जोमानं वाढली. त्यानंतर मात्र तू शेरडांना बंदी घातलीस. काम झाल्यावर वैद्याला विसरावं तसं.

पाखरं आली ती एकदम नाही आली. आधी टिटवी, मग चंडोल. मग बोरीत बुलबुल. पाऊस साचलेल्या डबक्यावर एक खंड्या यायचा, एकटाच, कुणी वाळीत टाकल्यासारखा. तितर बोलला त्या सकाळी तू मला गोठ्यातून ओढत नेलंस. मी एक पायताण घालून, एक तसंच. मी गावात सांगितलं की खाणीत चाळीस मोर नाचतात. एकही नव्हता. दोन वर्षांनी एक आला. मी म्हटलं, "बग, एकोणचाळीस वाटंवर हायेत." तू तेव्हा हसलास. ते हसणं मी जपून ठेवलंय.

आणि मग राघू. हिरवे, मुठीत मावतील एवढे, शेपटीला ती एक सुईसारखी काडी. लोक त्यांना वेडा राघू म्हणतात. उंच मुरमाची जी उभी भिंत राहिली होती तिच्यात ते भोकं पाडायला लागले. चोचीनं, पायांनी, भुसभुस माती मागं उडवत. तू तीन दिवस भाकरी विसरलास. जन्मभर भिंतीत भोकं पाडणाऱ्या माणसाला भिंतीत भोक पाडणारं पाखरू भेटलं. यावर मी एकही थाप रचली नाही, कारण रचायला जागाच नव्हती.

चौथ्या दिवशी तू पहार घेऊन आलास.

"काय करतोस?"

"त्यांची दमछाक व्हतीया. मी पाडून देतो."

"तुला रं कुणी सांगितलं?"

"मला दुसरं काय येतंया? भोकंच पाडाया येत्यात."

आणि पाडलीस. घामाघूम होऊन, खोकत, एका ओळीत, कंपाउंडच्या खांबांसारखी सरळ. सुरुंगवाल्याचा हात तो! भोक गोल, गुळगुळीत, आणि तोंडापासून आत खाली उतरत गेलेलं. दारू ठासायला तेच बरोबर. पण राघूचं भोक आडवं जातं. पहिल्याच वळवानं तुझी सगळी भोकं पाण्यानं भरली. मी पोट धरून हसलो. "बबन्या, ही घरं न्हाईत, हे रांजण हायेत! राघू न्हाई, बेडकं येत्याल राहायला!" राघूंनी तुझ्या ओळीपासून हातभर लांब स्वतःची भोकं पाडली. एकानंही तुझ्या भोकात डोकावून बघितलं नाही.

पुढच्या वर्षी तू पुन्हा पाडलीस. पुन्हा उतरतीच. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी दरवर्षी येऊन हसायचो. आपलं ते भांडण दरवर्षी तिथूनच पुढं सुरू व्हायचं.

"राघू माझ्या भोकांमुळं आलं."

"राघू माझ्या लेंड्यांमुळं आलं. लेंड्यांवर माश्या, माश्यांमागं राघू."

"माश्या सगळीकडं हायेत. भिंत हितंच हाय. ती मी कापलीया, सुरुंग लावून."

"म्हंजी तू डोंगर फोडला ते पाखरांसाठी?"

यावर तू पहार उचलून पुढचं भोक पाडायला लागलास. मीही पुढं रेटलं नाही, कारण मला जिंकायचं नव्हतं. ते भांडण अर्धंच राहिलं आहे. मी त्याचं काय करू, सांग. एकट्यानं दोन्ही बाजू बोलून बघितल्या. तुझी बाजू मला बोलता येत नाही. माझ्या तोंडात ती मोठी होते, फुगते. तू चार शब्दांत सांगायचास.

दवाखान्यात तुला बघायला आलो तेव्हा नाकात नळी होती. छातीत एवढी वर्षं साठलेली भुकटी आता तुला श्वास घेऊ देत नव्हती. पण तू आधी विचारलंस ते, "राघू आलं का?"

"आलं का? अरं, दोनशे आलेत! आन् सगळे तुझ्या भोकांत! रांग लागलीया. एका भोकाला दोन-दोन गिऱ्हाईकं!"

तू डोळे मिटून पडून राहिलास. मला वाटलं, झोपलास. मग हळूच म्हणालास, "थापाड्या. खाली उतार हाय त्या भोकांना."

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या वर्षापासून माहीत होतं, की शेवटी कळलं? माहीत होतं तर दरवर्षी तशीच का पाडत होतास? मी विचारणार होतो. तेवढ्यात नर्स आली, मला बाहेर काढलं, आणि मी म्हटलं, उद्या विचारू. उद्या तू नव्हतास.

स्मशानात जुने क्रशरवाले आले होते. चारदोनच उरलेत. एकजण म्हणाला, "बबनचा सुरुंग कधी मागं राहिला न्हाई." बाकीच्यांनी मान हलवली. झालं, एवढंच भाषण. माझ्या आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात खरं. आणि महिना झाला नाही तोवर त्याचं मी काय केलं, ते आता ऐक.

आधी हे सांगून टाकतो, नाहीतर तू मधेच विचारशील: पिल्लं उडाली. सुखरूप. आज सकाळी विजेच्या तारेवर ओळीनं बसली होती, एकमेकाला चिकटून. आता शिव्या द्यायच्या त्या दे.

मेच्या शेवटी जेसीबी आला. खाली प्लॉट पाडलेत ना, तिथल्या रस्त्याला पावसाआधी मुरूम हवा होता. ठेकेदाराची नजर आपल्या भिंतीवर पडली. भिंतीत तेव्हा पिल्लं होती. कान लावला की आतून किरकिर ऐकू यायची. जेसीबीवरचा पोरगा झारखंडचा होता, कानात गाणी घालून बसलेला. मी भिंतीपुढं जाऊन उभा राहिलो.

"चाचा, हटो."

"हटता है. पर तू पैले घरपे फोन कर."

"क्यों?"

"आखरी बार बात कर ले आईशी."

त्यानं कानातून गाणी काढली. मी त्याला तुझी भोकं दाखवली. ती ओळ, ती गोलाई. म्हटलं, "ये सुरुंग है. भरा हुआ. उडा नहीं." मला वाटलं होतं, हसेल. पण पोरगा त्याच्या गावाकडं खाणीतच वाढलेला. तो खाली उतरला, मोबाईलचा उजेड आत टाकला, आत ठासल्यासारखा बसलेला वळवाचा गाळ बोट घालून बघितला. मी बाजूला उभा, मनात म्हणतोय, आता पकडला गेलो. तो मागं सरकला. त्याचा चेहराच सांगत होता. "ढाल नीचे है," तो म्हणाला. "ये तो सच में बारूद का है."

बबन्या, ज्या उताराला मी एवढी वर्षं हसलो, तो उतार त्यानं ओळखला.

"किसने छोड़ा?" त्यानं विचारलं. आणि माझ्या तोंडातून नाव गेलं. दुसरं कुणाचं घेणार? या खाणीचा सुरुंगवाला एकच होता. "बबन," मी म्हटलं. "मर गया."

जेसीबी गेला. ठेकेदाराकडं मुरूम काढायचा कागद नव्हता, त्यामुळं तो पोलिसांत जाणार नाही हे मला ठाऊक होतं. पाऊस आठ-दहा दिवसांवर होता. एकदा चिखल झाला की ट्रक वर चढत नाही. तेवढं टिकलं की झालं. थाप म्हणून ती माझी आजवरची सगळ्यात सरस थाप होती. घरी जाताना मी शीळ घालत होतो.

संध्याकाळी भरे गावात चहाला थांबलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. आणि थाप गावात गेली की तिला पाय फुटतात, हे मी तुला सांगायला नको. स्मशानात तुझ्याबद्दल बोलला तोच क्रशरवाला बाकड्यावर बसला होता. "बबननं?" तो म्हणाला. "बबननं भरलेला सोडला?" त्यानं हातातला कप खाली ठेवला. शेजारचा म्हणाला, "शेवटी हात कापत असत्याल." आणखी कुणी म्हणालं, "म्हंजी पोरं खेळत व्हती तितं एवढी वर्षं..." क्रशरवाला उठून गेला, चहा तसाच ठेवून.

एका शब्दात सगळं परत घेता आलं असतं. "खोटं हाय रं, थापाड्याची थाप हाय," एवढं म्हटलं की लोक हसले असते आणि तुझं नाव धुऊन निघालं असतं. आणि सकाळी जेसीबी भिंतीला लागला असता. मी, ज्याचं तोंड झोपेतही बंद नसतं, तो चहा संपवून मुकाट घरी आलो.

दोन दिवसांनी वहिनींचा निरोप आला, येऊन जा म्हणून. तुला माहीत आहे मी वहिनींना किती भितो ते. त्यांना तुझं ते पाखरांचं वेड कधी पटलं नाही. "भाकर निवती आन् हे भिंतीकडं बगत बसत्यात," असं मला ऐकवायच्या, जणू मीच राघू पाळलेत. आणि खोटं तर त्यांना चालतच नाही. बाजारात म्हशीचं वयसुद्धा खरं सांगणारी बाई.

वहिनी ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. वर बघितलं नाही.

"भावजी, गावात काय बोलत्यात?"

मी सांगायला सुरुवात केली. सजवायचा मोह झाला, पण सजेना. जेसीबी, भिंत, भोकं, तुझं नाव. सगळं सरळ सांगितलं. स्वतःचाच आवाज मला ओळखू येईना.

"आत पिल्लं हायेत?"

"हायेत, वहिनी."

"खरं सांगा."

"खरं सांगतो. कान लावून आलोय."

त्या तांदूळ निवडत राहिल्या. मी म्हटलं, "वहिनी, तुमी म्हणाल तर आत्ता जातो भऱ्यात. चौकात उभा राहून सांगतो, बबनचा एकबी मागं राहिला न्हाई, ह्या म्हाद्यानं थाप मारली. त्याचं नाव..." त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

तेवढ्यात ठेकेदाराचा मुकादम मोटारसायकल लावून आत आला. तरणा गडी, पण रीतीचा. पायताण बाहेर काढलं, नमस्कार केला. मला बघून त्यानं कपाळाला आठी घातली. या म्हादबाच्या तोंडावर किती जायचं हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असणार.

"काकू, अशा वेळी विचारू नये," तो म्हणाला. "पण आमचं काम अडलंय. हे म्हणत्यात, काकांचा एक सुरुंग भिंतीत राहिलाय. ह्यांचं कोण खरं धरतं? आन् काकांचं तर आमी सगळ्यांकडनं ऐकलंय, त्यांचा कदीच मागं राहिला न्हाई म्हणून. तुमी सांगा. तुमी सांगाल ते खरं. राहिलाय का एक?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आजही माहीत नाही.

"एक न्हाई," वहिनी म्हणाल्या. "दोन हायेत."